गाठींची दोरी

जीवशास्त्राच्या बाई मुलांची डोकी मोजत नसत, चौकटी मोजत. अकरावीचा वर्ग समुद्रकिनाऱ्यावर मोकळा सोडल्यावर डोकी मोजून बघा म्हणजे कळेल. एक झुडपामागे गेलेला असतो, एक बसमध्ये विसरलेला डबा आणायला पळालेला असतो, दोघी खेकड्यामागे लागलेल्या असतात. तीनदा मोजलं की तीन उत्तरं. म्हणून बाईंनी वर्गाच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला प्लास्टिकच्या नळीची एक चौकट दिली. खडकावर चौकट टाकायची, तिच्या आत जेवढे जीव दिसतील तेवढे मोजायचे, मग ती उचलून पुढे टाकायची. ओहोटी संपत आली की बाई लांब शिट्टी मारत. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून आपली चौकट वाळूवर अंथरलेल्या ताडपत्रीवर आणून ठेवायची. सगळ्या चौकटी आल्या म्हणजे सगळी पोरं आली. चौकटीला भूक लागत नाही आणि चौकट खेकड्यामागे पळत नाही, असं बाई म्हणायच्या.

अडचणीत वाजवायची शिट्टीही प्रत्येक जोडीला होती. पोरं तीसुद्धा हरवतात म्हणून बाईंनी ती चौकटीलाच बांधून टाकली होती. एकूण काय, सगळा बंदोबस्त चौकटीपाशी होता.

या बंदोबस्तावर वर्गात कुणाचा सगळ्यात जास्त विश्वास असेल तर तो मास्तरणीचा. मास्तरीण म्हणजे वर्गातलीच एक चष्मेवाली मुलगी. दुसऱ्याचं मोजणं चुकलं की हिला चैन पडायची नाही, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलेलं. आईची नोकरी लांबच्या गावी होती, त्यामुळे ती मामाकडे राहून शिकत होती. मामाचा मुलगा तिच्याहून पाच महिन्यांनी लहान आणि तिच्याच वर्गात. त्याचं तोंड झोपेतच काय ते बंद असायचं, म्हणून तो रेडिओ. घरी तो तिला ए मास्तरीण म्हणायचा, वर्गातही तेच. ताई म्हणायचा ते फक्त काही मागायचं असलं की.

निघताना मामीने तिला बाजूला घेतलं होतं. "तो एकटा असता ना, तर मी पाठवलं नसतं. तू आहेस म्हणून पाठवतेय. त्याला पोहता येत नाही, आणि आपल्याला पोहता येत नाही हे त्याच्या लक्षातही राहत नाही. डोळ्याआड होऊ देऊ नकोस गं."

"मामी, घोट्याएवढं पाणी असतं तिथे."

"तेवढंही मला जास्तच वाटतं."

मास्तरीण हसली होती. तिला स्वतःला पोहता येत होतं. म्हणजे तलावात, कठडा हाताशी असताना आणि शिकवणारी बाई काठावर उभी असताना.

त्या किनाऱ्यावर वाळू संपली की सपाट खडक लागायचा, पुढे एक घळ, आणि घळीपलीकडे एक मोठा एकटा खडक. त्याची पाठ गोल आणि एका बाजूला सोंडेसारखा उतार, म्हणून वर्ग त्याला हत्ती म्हणायचा. ओहोटीला घळ ओलांडून हत्तीपर्यंत चालत जाता येई. मास्तरीण आणि रेडिओ यांच्या वाट्याला हत्तीच आला होता. महिन्यापूर्वी त्यांनी तिथल्या समुद्री गोगलगायी पकडून प्रत्येकीच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता आणि त्यांना परत सोडलं होतं. आता पुन्हा पकडायच्या, त्यातल्या कितींच्या पाठीवर ठिपका आहे ते बघायचं, आणि त्यावरून खडकावर एकूण किती राहतात याचा अंदाज बांधायचा. नेलपॉलिश मामीचं होतं. मामी म्हणाली होती, "माझ्या नखांना नाही मिळालं, गोगलगायी नटल्या."

आणि आज त्या नटलेल्या गोगलगायी गायब होत्या. इतका शोध घेऊन जेमतेम चार सापडल्या. चार! मास्तरणीला हा आपला अपमान वाटला. एवढ्या सगळ्या जातील कुठे? हत्तीच्या समुद्राकडच्या अंगाला एक खोल फट होती, तिच्यात अजून हात घालून बघितला नव्हता. नेमकी तेव्हाच बाईंची लांब शिट्टी झाली.

शेजारच्या जोडीतली लंबू आपली चौकट उचलून निघाली. "चला रे, झाली शिट्टी."

"ही एवढी फट बघते," मास्तरीण म्हणाली. "लंबू, जाता जाता आमची चौकट ने ना. फटीत हात घालताना मधे मधे येते. आम्ही आलोच मागोमाग."

नियम मोडतोय असं तिच्या मनातही आलं नाही. चौकट काही जड नव्हती, नुसती अडचण होत होती. लंबूने दोन्ही चौकटी खांद्याला अडकवल्या आणि ती आणि तिची जोडीदारीण घळ ओलांडून गेल्या. मास्तरीण आणि रेडिओ हत्तीच्या मागच्या अंगाला वळले.

फटीत त्या होत्या! ओळीने बसलेल्या, लाल ठिपक्यांच्या. मास्तरीण आनंदाने ओरडलीच. ती एकेक काढून दाखवायची, रेडिओ मोठ्याने आकडा म्हणायचा आणि मध्येच क्रिकेटचं धावतं वर्णन करायचा. हसता हसता तिचा आकडा चुकला, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. अर्धं मोजून झालं असेल तोवर एक लाट फटीच्या तोंडावर आपटली आणि दोघांच्या पाठी भिजल्या.

"चल, चल," ती म्हणाली आणि दोघं वळसा घालून पुढे आले.

येताना घळीत घोट्याएवढं पाणी होतं. आता तळ दिसत नव्हता. पाणी एकदा आत यायचं, एकदा बाहेर जायचं, आणि आत येताना दर वेळी थोडं अधिक यायचं. मास्तरणीने एक पाय टाकून पाहिला. पाणी मांडीपर्यंत आलं आणि पाय खालून कुणीतरी ओढल्यासारखा झाला. तिने घाबरून पाय मागे घेतला. तेव्हाच रेटून पुढे गेली असती तर दोघं पार झाली असती, पण तेव्हा तिला तेवढंच पाणी फार वाटलं.

"वर बसू की," रेडिओ म्हणाला. "हत्तीच्या पाठीवर. सगळ्यांना दिसू. बाई होडी मागवतील, आपले फोटो छापून येतील. समुद्राने वेढलेले दोन शूर विद्यार्थी."

दोघं वर चढले.

वरून किनारा पूर्ण दिसत होता, आणि दिसत होता हेच वाईट झालं. ताडपत्रीवर चौकटी एकावर एक रचलेल्या होत्या. सगळ्यात वर निळी चिकटपट्टी लावलेली चौकट होती, म्हणजे त्यांचीच. बाई वाकून बोटाने एकेक मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि बसकडे जायला हात केला. पोरं पिशव्या उचलून झाडीतल्या वाटेला लागली.

चौकटी सगळ्या आल्या होत्या. म्हणजे बाईंच्या हिशेबी ती दोघं आलेली होती, तिथे ताडपत्रीपाशी कुठेतरी उभी होती. आता त्यांना कुणीही शोधणार नव्हतं.

"बाई!" ती ओरडली. "बाईऽऽ!"

रेडिओही ओरडला. त्याचा आवाज असा, की वर्गात बाई त्याला कानात बोळे घालायला लावतोस का म्हणून विचारायच्या. पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. दोघांचा आवाज मागे, उलट्या दिशेला जात होता. तिने हात वर करून शिट्टीसाठी गळ्यापाशी चाचपलं आणि मग तिला आठवलं की शिट्टी चौकटीला आहे.

त्यांनी हात हलवले, उड्या मारल्या, शर्टाची टोकं धरून फडकवली. एकानेही मान वळवली नाही. पोरं झाडीत शिरत होती आणि बाई पाठमोऱ्या उभ्या राहून ताडपत्रीची घडी घालत होत्या.

उडी मारून खाली बसताना तिने हात टेकला आणि तळवा खरचटला. तिने खाली पाहिलं. हाताखाली खडकाला चिकटलेले पांढरे, खरखरीत, बारीक सुळक्यांसारखे जीव होते. बाई त्यांना बार्नॅकल म्हणत. पहिल्याच दिवशी बाईंनी वर्गाला खडक वाचायला शिकवला होता. सगळ्यात खाली शेवाळ, त्याच्या वर कालवं, त्यांच्या वर हे बार्नॅकल आणि सगळ्यात वर नुसता काळा, कोरडा खडक. "हे जिथवर दिसतात ना," बाई म्हणाल्या होत्या, "तिथवर भरतीचं पाणी येतंच येतं. पाण्याशिवाय यांना घास मिळत नाही. काळा खडक लागला की समजा, आता पाणी नाही."

मास्तरीण रांगत रांगत हत्तीच्या पाठीवर काळा खडक शोधू लागली. पुढे गेली, मागे गेली. सगळ्यात उंच जागी गेली. तिथेही पांढरं होतं.

हत्ती रोज पूर्ण बुडत होता. दिवसातून दोनदा, पाठीसकट. महिनाभर तिने या खडकावरचे जीव मोजले होते आणि एकदाही मान वर करून ते कुठवर गेलेत हे पाहिलं नव्हतं.

तिने रेडिओकडे पाहिलं. तो पाय पसरून बसला होता. "इथे बरंय," तो म्हणत होता. "कोरडं ठणठणीत आहे. बसमध्ये आपली जागा रिकामी दिसली की येतील धावत. नाहीतर ओहोटीला जाऊ आपणच."

क्षणभर तिला वाटलं, याला सांगूच नये. असंच हसत बसू दे. मग घळीतून एक लाट आत शिरली आणि हत्तीच्या पायथ्याशी जिथून ते चढले होते ती पायरी पाण्याखाली गेली.

"ऊठ," ती म्हणाली. "आत्ता जायचं. पाण्यातून."

"हट्! वेड लागलंय का? मला पोहता येत नाही."

"चालत जायचंय. अजून पाय टेकतील. थोड्या वेळाने नाही टेकणार."

"मी नाही येणार. इथे कोरडं आहे, दिसत नाही का तुला?" त्याने दोन्ही हातांनी खडक धरला. "उगाच मास्तरीणगिरी करू नकोस. तुझ्यामुळेच अडकलोय."

ते खरंच होतं आणि ते तिला लागलं. पण वाईट वाटून घ्यायलाही आता वेळ नव्हता. "हे बघ," ती म्हणाली, "हे बार्नॅकल. हे इथे वर आहेत म्हणजे इथवर पाणी येतं."

"मेलेले आहेत ते. जुने. वाळून गेलेत."

खडकावर एका खळग्यात मागच्या भरतीचं पाणी साचलं होतं. तिने ते ओंजळीत घेतलं, त्याच्या पायांशी एका खाचेत ओतलं, आणि पाणी वाहून जाऊ नये म्हणून दोन्ही तळव्यांनी बांध घातला. "बघ," ती म्हणाली. "बोलू नकोस, नुसतं बघ."

दोघं वाकून बघत राहिले. काहीच झालं नाही. तिला वाटलं, देवा, मेलेलेच असू दे. मग एका सुळक्याचं टोक उघडलं. आतून पिसासारखं काहीतरी बाहेर आलं आणि पाण्यात हात मारून आत गेलं. मग शेजारचं उघडलं. मग आणखी एक. बघता बघता खाचेतले सगळे जीव उघडले आणि भुकेलेले पंजे बाहेर काढून पाणी ओरबाडू लागले. ते मेलेले नव्हते. ते भरतीची वाट बघत बसले होते, आणि त्यांना ती येणार हे पक्कं ठाऊक होतं.

रेडिओचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मास्तरणीने आयुष्यात पहिल्यांदा त्याला गप्प झालेलं पाहिलं, आणि त्यानेच ती सगळ्यात जास्त घाबरली.

"ताई," तो शेवटी म्हणाला. "मला नाही जमणार गं."

"जमेल. दोरी दे."

त्याच्या कमरेला मोजणीची दोरी अडकवलेली होती. नायलॉनची, वीतवीतभर अंतरावर गाठी मारलेली. चौकट कुठे टाकायची ते त्या गाठींवरून ठरायचं. तिने एक टोक त्याच्या कमरेभोवती आवळलं, दुसरं आपल्या. एका गाठीवर भरवसा वाटेना, म्हणून तिने गाठीवर गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली आणि दातांनी ओढून घट्ट केली. चष्मा काढून खिशात कोंबला. किनारा पुसट झाला, पण जवळचं दिसत होतं.

"हिरव्यावर पाय देऊ नकोस, घसरतं," ती म्हणाली. "पांढऱ्यावर दे. बार्नॅकलवर पाय पकड धरतो."

"बाई ओरडतील," रेडिओ पुटपुटला. जिवंत प्राण्यांवर पाय देणाऱ्याला बाई ताडपत्रीवर बसवून ठेवत, हा वर्गाचा पहिला नियम होता. त्याच्या दातांवर दात आपटत होते, तरी तो हे बोलला. तिला रडू आणि हसू एकदम आलं.

ती पुढे, तो मागे. पाणी आधी कमरेला आलं, मग छातीला. थंडी नव्हती, तरी तिच्या हाडांत थंडी भरली होती. लाट आत आली की दोघांनी जागीच उभं राहायचं, बाहेर गेली की दोन पावलं टाकायची. पायाखाली पांढऱ्याचा खरखरीतपणा चाचपायचा आणि मगच भार द्यायचा. "थांब," ती म्हणायची. "आता चल. थांब." तो तिच्या शब्दासरशी थांबत होता, चालत होता, जन्मात कधी एवढं ऐकलं नव्हतं त्याने तिचं.

घळीच्या मधोमध तिचा पाय हिरव्यावर पडला नाही, त्याचा पडला. तिला मागून एक आवाज ऐकू आला, अर्धाच. वळून पाहिलं तर तो नव्हता. नुसतं पाणी होतं. मग दोरी ताणली गेली आणि तिच्या कमरेला असा हिसका बसला की तिचेही पाय सुटले. तोंडात, नाकात खारट पाणी गेलं. बाहेर जाणारी लाट त्याला समुद्राकडे ओढत होती आणि त्याच्यामागून तिला. तिने एका हाताने खडकाची कड धरली. कडेने हात कापला. पकड सुटायला लागली.

आणि तिचा दुसरा हात कमरेच्या गाठीवर गेला.

तिने तो पाठवला नव्हता. तो आपण होऊन गेला. बोटं गाठीत रुतली, नखं घालून ओढू लागली. डोक्यात काही नव्हतं, मामी नव्हती, भाऊ नव्हता, फक्त श्वास हवा होता. गाठ ओली झाली होती आणि ताणाने दगडासारखी आवळली होती. ती सुटेना. तिने पुन्हा ओढली. सुटेना.

मग लाट परतली. गेली होती तितक्याच जोराने आत आली आणि तिने दोघांना उचलून घळीच्या किनाऱ्याकडच्या खडकावर आणून आदळलं. रेडिओचं डोकं पाण्याबाहेर आलं. तो खोकत होता. तिने त्याची कॉलर धरली, गुडघे फोडून घेत वर सरकली, त्याला ओढलं, पुन्हा सरकली. सपाट खडक लागला. दोघं हातापायांवर रांगत वाळूपर्यंत आले आणि तिथे पडले.

लंबूने त्यांना सगळ्यात आधी पाहिलं. ती बसमधून उतरून परत आली होती. "यांची पाण्याची बाटली राहिली का बघते" असं सांगून आली होती, कारण मागच्या बाकावरच्या दोन जागा रिकाम्या दिसल्यावर तिला कसंसंच झालं होतं. तिची किंकाळी ऐकून बाई धावत आल्या. त्यांनी वाळूवर पडलेली, एका दोरीने बांधलेली, रक्ताळलेली दोन पोरं पाहिली, मग हातातल्या चौकटींकडे पाहिलं. निळ्या पट्टीची चौकट सगळ्यात वर होती. बाईंनी चौकटी तिथेच टाकल्या. "अगं पण तुम्ही तर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि वाळूत बसल्या.

त्यानंतर बस सुटायच्या आधी बाईंनी वर्ग मोजला. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून, मोठ्याने. शेवटच्या दोन डोक्यांपाशी आल्या तेव्हा हात ठेवला, पण आकडा त्यांच्या तोंडून निघाला नाही. ड्रायव्हरनेही इंजिन चालू करायची घाई केली नाही.

दोरीच्या गाठी कुणाकडूनच सुटल्या नव्हत्या. बाईंनी प्रयत्न केला, लंबूने केला. शेवटी ड्रायव्हरने चाकूने मधली दोरी कापली, पण कमरेचे वेढे अंगात इतके रुतले होते की तिथे चाकू घालायला तो धजेना. म्हणाला, घरी कात्रीने कापा. ती दोघं तशीच, कमरेला एकेक वेढा घेऊन, घोंगडी पांघरून मागच्या बाकावर बसली. बसभर कुजबूज चालली होती. मास्तरणीने दोरी बांधली म्हणून वाचला, मास्तरणीने सोडलं नाही. पोरी मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. तिने मान खिडकीकडे वळवली. हाताच्या नखांखाली निळ्या नायलॉनचे धागे अडकले होते, ते तिने बघितले आणि मूठ मिटली.

रेडिओने घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. मग अगदी हळू म्हणाला, "ताई, एक सांगू? आईला सांगायचं नाही."

"काय?"

"पाण्याखाली मी माझी गाठ सोडायला बघत होतो. सुटलीच नाही बघ."

"का पण?"

"तू ओढली जात होतीस ना. म्हटलं, तू तरी घरी जाशील. आईला सांगायला कुणीतरी नको का?" तो नाक पुसत म्हणाला. "वेडेपणाच झाला असता, नाही?"

समुद्र मागे पडला होता, रस्त्यावर घरं लागली होती, दिवसाउजेडी माणसं भाजी घेत होती, आणि तिला घळीत वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती.

बाईंनी फोन केला होता. मामी दारातच उभी होती. तिने दोघांना आत ओढलं, रेडिओला आधी पोटाशी धरलं, मग मास्तरणीला, मग पुन्हा दोघांना एकदम. रडता रडता रागावत होती, रागावता रागावता रडत होती. मग स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि मास्तरणीला उजेडात, ओट्यापाशी उभं केलं. "माझी पोर ती," म्हणत होती. "तू होतीस म्हणून. बाईंनी सांगितलं मला, तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस त्याला."

कात्रीचं टोक वेढ्याखाली शिरलं. मास्तरणीने मामीचं मनगट धरलं.

"मामी, मी सोडत होते."

"काय?"

"गाठ. तो पाण्याखाली होता तेव्हा. मी माझी गाठ सोडत होते. सुटली नाही म्हणून."

कात्री थांबली. दाराशी टॉवेल गुंडाळून उभा असलेला रेडिओ घाईघाईने म्हणाला, "अगं आई, मीपण तेच करत होतो! ती ओढली जाऊ नये म्हणून. तिनेही तसंच..."

"नाही रे," मास्तरीण म्हणाली. "तुझ्यासारखं नाही. मला एकटीला वर यायचं होतं."

मामी तिच्याकडे बघत होती, आणि तो चेहरा मास्तरणीने आजवर पाहिलेला मामीचा चेहरा नव्हता. या घरात आता आपल्याला जागा नाही, असं तिला वाटलं. तिने ओट्याची कड धरली.

मामीने कात्री बाजूला ठेवली. गाठीशी वाकली आणि दोन्ही हातांनी ती सोडायला लागली. नखं घातली, चिमटीत धरून ओढली, दात लावून पाहिले. कोरडे हात, भरपूर उजेड, कसली घाई नाही. गाठ तसूभरही हलली नाही.

"कुणी मारली ही?" तिने विचारलं.

"मी."

"एवढी घट्ट?"

"मला भीती वाटत होती," मास्तरीण म्हणाली. "सुटली तर म्हणून."

मामीने डोळे मिटले, उघडले. मग कात्री उचलली आणि गाठीला हात न लावता शेजारून दोरी कापली. वेढा सुटला. खाली शर्ट रक्ताने कमरेला चिकटला होता. मामीने गरम पाण्यात फडकं बुडवलं आणि तिथे धरलं, आणि ते दुखलं तेव्हा मास्तरीण पहिल्यांदा मोठ्याने रडली.

"चल, तू ये आता," मामी दाराकडे बघून म्हणाली. "तुझीही काढते."

रेडिओ पुढे आला आणि मास्तरणीला चिकटून उभा राहिला. वेढा कापून होईपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही, फक्त तिच्या हाताचं एक बोट त्याने धरून ठेवलं होतं.